मेव्हण्याच्या पेशी

माझ्या बायकोला कोळंबीची ॲलर्जी आहे. जवळ्याचीही आहे. मलेशियात, मलाक्याच्या किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्तुगीज वस्तीत हे वाक्य कुणी मोठ्याने म्हणालं की लोक आधी हसतात आणि मग माझ्याकडे बघतात, कारण माझी बायको म्हणजे फेमी लाझारू. तिच्या हातचा बेलाचान मिळावा म्हणून मलाक्यातल्या भल्याभल्या बायका आमच्या दारात गोड बोलायच्या. जवळा मिठात कुटायचा, उन्हात टाकायचा, पुन्हा कुटायचा आणि त्याच्या काळपट वड्या थापायच्या. वास असा, की परका माणूस नाक धरून पळेल आणि आमच्या माणसाला भूक लागेल. तर या बाईला आता तो वास दुरूनसुद्धा चालत नाही. आणि गंमत म्हणजे ही ॲलर्जी तिची स्वतःची नाही, तिच्या भावाची आहे. भावाने ती तिला दिली, तीही तिचा जीव वाचवताना. त्यामुळे तक्रार करायची सोय राहिली नाही. फेमीसारख्या बाईला याहून मोठी शिक्षा नसेल.

भावाचं नाव कॉन्राड. फेमीपेक्षा लहान. पिढ्यान् पिढ्या जवळ्यावर जगलेल्या घरात जन्मला आणि जवळाच त्याला सोसेना. लहानपणी एकदा ओठ भजीसारखे फुगले, अंगभर गांधी उठल्या, श्वास अडकला. बापाने एक नजर टाकून ‘नखरे’ असं निदान केलं आणि त्या घरात बापाच्या निदानावर दुसरं मत घ्यायची पद्धत नव्हती. पुढे मोठेपणी एका खऱ्या डॉक्टरने कॉन्राडला बजावलं, की हा नखरा एक दिवस जीव घेईल. त्याने त्याला जवळ बाळगायला इंजेक्शनचं एक पेनही दिलं. फेमी त्याला ‘साहेबांचं पेन’ म्हणायची. दर सणाला पानं वाढून झाली की तिचा आवाज यायचाच, “अरे, महाराजांसाठी कुणीतरी अंडं उकडा!” कॉन्राडने जाळं सोडून एसी दुरुस्तीचा धंदा धरला. फेमीच्या मते तोही त्याच आजाराचा भाग होता.

मी बेसिल, फेमीचा नवरा. मी उथळ पाण्यात जाळं ढकलून जवळा धरतो. किनाऱ्यावर भर टाकून टाकून समुद्र आमच्यापासून लांब गेलाय, त्यामुळे आता आधी समुद्र शोधतो आणि मग जवळा. बहीण-भावाच्या भांडणात माझं मत कुणी विचारत नाही, आणि ते फार बरं आहे.

तर झालं असं, की फेमीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. मग कुटताना साधी मुसळीची मूठ लागली तरी दंडावर जांभळे डाग. मग ताप. वस्तीतल्या बायकांनी आपापल्या परीने निदानं केली. कुणी उष्णता म्हणालं, कुणी दृष्ट, कुणी नवऱ्याचा ताप. सरकारी दवाखान्याने रक्त तपासलं आणि त्याच दिवशी तिला क्वालालंपूरला पाठवलं. रक्ताचा कर्करोग.

पहिली औषधं झाली, केस गेले, आजार दबला. पण तिथल्या डॉक्टर नोरलैला म्हणाल्या, की हा नुसता दबलाय, परत येईल. रक्त तयार करणारा हाडांमधला मगज आजारी आहे, तो पुसून टाकायचा आणि दुसऱ्याच्या पेशी घालून नवा वाढवायचा. त्यासाठी सख्ख्या भावंडांशी जुळतंय का ते बघू.

थोरला भाऊ ऑस्ट्रेलियात, पर्थला असतो. त्याचं जुळलं नाही. त्याने फोनवरून भरपूर प्रेम पाठवलं आणि त्याचं काम झालं. उरला कॉन्राड.

“पूर्ण जुळतंय,” डॉक्टर नोरलैला हसून म्हणाल्या. “यापेक्षा चांगलं मिळणं कठीण.”

“चुकलं असेल काहीतरी,” फेमी म्हणाली. “पुन्हा तपासा.”

“दोनदा तपासलंय.”

“डॉक्टर, आमचं आजवर भाताच्या पाण्यावरूनसुद्धा जुळलं नाही हो.”

कॉन्राडला सांगितलं तेव्हा तो शिडीवर चढून कुणाच्यातरी एसीची जाळी धूत होता. फोनवर एवढंच म्हणाला, “देतो की. कधी यायचं?” एक हट्ट नाही, एक टोमणा नाही. फेमी दिवसभर धुसफुसत होती. “इतक्या पटकन हो म्हणाला! आता जन्मभर ऐकवणार.”

पेशी हाडांतून रक्तात उतराव्यात म्हणून कॉन्राडला रोज इंजेक्शनं दिली. पाठ अशी ठणकायची, की बसता येईना. मग एक दिवस यंत्राला जोडला. एका हातातून रक्त बाहेर, यंत्रातून फिरून दुसऱ्या हातात परत. त्याने नर्सला विचारलं, “यातून तिचा स्वभाव माझ्यात येणार नाही ना?”

“नाही हो, तिकडून इकडे काहीच येत नाही.”

“मग काढा हवं तेवढं.”

तोवर फेमीच्या हाडांतला मगज औषधांनी पार धुऊन काढला होता. तिच्या खोलीत ती पिशवी आली, टोमॅटोच्या पातळ सारासारखी दिसणारी. खांबाला टांगली आणि नळीतून सोडली. मी मनात देवाची प्रार्थना करत होतो. फेमी पिशवीकडे बघत म्हणाली, “एवढंच? म्हणा, कॉन्राडकडून आणखी काय अपेक्षा ठेवायची.”

त्यानंतर मात्र तिचं बोलणं बंद झालं. तोंडात, घशात, खालपर्यंत फोड आले. थुंकी गिळता येईना. शरीरात एक लढणारी पांढरी पेशी उरली नव्हती, साधा शिंकणारा माणूस दारातून आत आला असता तरी ती गेली असती. मी मास्क, टोपी, झगा घालून तिच्या उशाशी बसायचो. लग्न झाल्यापासून प्रथमच आमच्यात शांतता होती. मित्रांमध्ये मी या शांततेसाठी कितीदा देवाला साकडं घातलं होतं. मिळाली तेव्हा ती मला जराही सोसली नाही.

मग एका सकाळी फळ्यावरचा पांढऱ्या पेशींचा आकडा शून्यावरून हलला. नर्सने टाळ्या वाजवल्या. डॉक्टर नोरलैला म्हणाल्या, “रुजल्या पेशी. आता तयार होणारं रक्त तुमच्या भावाचं.”

फेमीने फोडांच्या तोंडाने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं, “म्हणजे आळशी असणार.”

आम्हाला वाटलं, झालं. रक्त आलं, चला घरी. डॉक्टरांनी बसवून समजावलं, की हे कुठे झालंय, आता कुठे सुरुवात आहे. नव्या पेशींतले पहाऱ्यावरचे शिपाई लवकर येतात, पण त्यांना फक्त दांडका चालवता येतो. शत्रू ओळखणाऱ्या, लक्षात ठेवणाऱ्या पेशी तयार व्हायला एक वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. तुमच्या शरीराला लहानपणापासून जे जे आजार माहीत होते, ज्या लशी टोचल्या होत्या, ती सगळी आठवण पुसली गेली. या पेशींना छातीत एका ग्रंथीत शिकवलं जातं, आणि पन्नाशीच्या माणसात ती शाळा बरीचशी ओस पडलेली असते.

“एखादा मास्तर तरी शिल्लक आहे ना?” फेमीने विचारलं.

“आहे. म्हातारा आहे. हळूहळू शिकवेल.”

घरी आल्यावर नियमांची माळ लागली. ताजं शिजवलेलंच खायचं. कच्चं नाही, आंबवलेलं नाही, रस्त्यावरचं नाही. गर्दी नाही, मिठ्या नाहीत, मातीत हात नाही. आता आमच्या वस्तीत कुणी आजारी पडलं की त्याला एकटं सोडणं हे पाप समजतात. सगळ्यात आधी आन्सेल्मा टिया आली. टिया म्हणजे मावशी, आणि ही सगळ्या वस्तीची मावशी. एका हातात आंबवलेल्या जवळ्याची बाटली, दुसऱ्या हातात खोकणारा नातू.

“टिया, आत नको,” मी दार अडवलं.

“मी काय परकी आहे?”

“परकी असतीस तर ऐकलं असतंस.”

ती महिनाभर माझ्याशी बोलली नाही. औषधापेक्षा त्याचाच मला जास्त गुण आला.

खरं संकट आलं ते शरीरातूनच. फेमीच्या तळहातांवर, तळपायांवर लाल चट्टे उठले, कातडी सोलून निघायला लागली, पोट इतकं बिघडलं की पुन्हा भरती करावं लागलं. डॉक्टर म्हणाल्या, भावाच्या पेशींना हे घर परकं वाटतंय, म्हणून त्या घरावरच हल्ला करतायत. थोडा हल्ला चांगला असतो, कारण उरलासुरला कर्करोगही त्याच टिपून काढतात. पण हा जास्त झालाय. त्यांना आवरायला औषधं द्यायची, आणि त्या औषधांनी शरीराची आत्ता कुठे उभी राहिलेली ताकद पुन्हा खाली बसणार. एका हाताने वाढवायचं, दुसऱ्याने दाबायचं. त्या गडबडीत अंगात वर्षानुवर्षं झोपलेला कसलासा विषाणूही जागा झाला. त्याच्यासाठी निराळी औषधं. स्टेरॉइडने फेमीचा चेहरा ताटासारखा गोल झाला.

कॉन्राडला ही बातमी मीच सांगितली. “तुझ्या पेशी तिला मारतायत,” असं म्हणालो. मला वाटलं, तो हसेल. आमच्यात हे असंच बोलतात.

त्यानंतर कॉन्राड दिसेनासा झाला. फोन उचलेना. वस्तीने लगेच निकाल दिला. पेशी दिल्या, मिरवून झालं, आता बहिणीची घाण कोण काढणार? फेमी तोंडाने म्हणायची, “बरं झालं, शांतता आहे.” पण दारात स्कूटर थांबली की मान वळायची.

चट्टे जरा उतरले, तिला घरी सोडलं, तशी एका दुपारी ती मला म्हणाली, “चल, त्याच्याकडे जाऊ.”

“डॉक्टरांनी...”

“डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नको म्हणून सांगितलंय. कॉन्राडच्या घरी कुठली गर्दी? त्याला कोण विचारतं?”

कॉन्राड ओट्यावर एक पंखा उघडून बसला होता. दाढी वाढलेली. मास्कच्या वर गोल गाल आणि टक्कल घेऊन फेमी समोर उभी राहिली, तेव्हा आधी त्याने तिला ओळखलंच नाही. मग ओळखलं आणि त्याच्या हातातला पेचकस खाली पडला.

“माना,” तो म्हणाला. आमच्यात मोठ्या बहिणीला माना म्हणतात.

“कुठे मेला होतास?”

“मी... बेसिल म्हणाला, माझ्या पेशी तुला...” त्याने पेचकस उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. “मी लहानपणी म्हणायचो ना, ही मरू दे एकदाची. मनापासून म्हणायचो. वाटलं, त्या पेशींना ते माहीत असेल.”

सेहेचाळीस वर्षांचा बाप्या. एसीचा कॉम्प्रेसर एकट्याने खांद्यावर घेऊन तीन मजले चढणारा. मला हसू आवरत नव्हतं आणि रडूही.

फेमीने त्याला वरून खाली न्याहाळलं. “कॉन्राड,” ती म्हणाली, “मला मारायची तुझी लायकी नाही. तुला साधा पंखा दुरुस्त करता येत नाही अजून. उद्यापासून घरी येत जा. आणि दाढी कर, जंतू असतात तिच्यात.”

दुसऱ्या दिवसापासून तो यायला लागला आणि महिनाभरात असा काही सावरला, की गप्प होता तेव्हाच बरा होता असं वाटावं. फेमीचा रक्तगट बी होता. तो हळूहळू बदलून कॉन्राडसारखा ओ झाला. तो कागद कॉन्राडने चर्चच्या पायऱ्यांवर इतक्या जणांना दाखवला, की पाद्रीसाहेबांनाही तोंडपाठ झाला. फेमीने कुठलंही चांगलं काम केलं की हा म्हणायचा, “रक्त कुणाचं आहे!” वाईट केलं तर, “हा जुना साठा असणार.”

मग लशींचा कार्यक्रम आला. घटसर्प, धनुर्वात, पोलिओ, पार पहिल्यापासून सगळं. सरकारी दवाखान्यात बाकावर आठदहा बाळं, त्यांच्या आया, आणि मधोमध मास्क लावलेली एकावन्न वर्षांची फेमी. नवी नर्स कागदात डोकं घालून म्हणाली, “बाळाचं नाव?”

“फेमी लाझारू,” कॉन्राड गंभीरपणे म्हणाला. “मामा आहे मी.”

“बाळ कुठेय?”

“ही काय. दात आलेत, पण बोलायला जरा लवकरच शिकली.”

सुई टोचल्यावर सगळी बाळं रडली. फेमीने शिव्या दिल्या. आया आपापल्या पोरांचे कान झाकून बसल्या.

पेशींना आवरणारी औषधं हळूहळू कमी करत करत एकदाची थांबली. डॉक्टर नोरलैला म्हणाल्या, “आता नीट शिजवलेलं सगळं खा.” सान पेद्रोचा, म्हणजे आम्हा कोळ्यांच्या संताचा सण तोंडावर होता. आमच्या होड्या रंगवून सजवतात आणि पाद्रीसाहेब त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात. जवळा मिळावा म्हणून ही सोय. फेमी पहाटेपासून स्वयंपाकघरात. कोळंबीची आंबट आमटी, बेलाचान भाजून वाटलेली लाल मिरचीची चटणी. इतक्या महिन्यांनी घराला घराचा वास आला होता. भाजताना तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. आम्ही समजलो, आनंदाश्रू. कॉन्राडसाठी अंडं उकडलेलं होतंच, तो ते घेऊन लांब खिडकीपाशी बसला.

फेमीने पहिला घास घेतला, डोळे मिटले. दुसरा घास घेतला. मग ओठ खाजवले.

“तिखट जास्त झालं वाटतं,” ती म्हणाली. आवाज घोगरा होता.

“माना, ताट खाली ठेव,” कॉन्राड उठून उभा राहिला.

“का? तुला हवंय?”

“ताट ठेव!”

मी त्याला इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तोवर तिचे ओठ फुगले, मानेवर गांधी फुटल्या, ती गळा धरून वाकली. सणाला जेवायला आलेली आन्सेल्मा टिया ‘काटा अडकला, भात गिळायला द्या’ म्हणून ओरडत होती. कॉन्राडने टियाला बाजूला सारलं, खिशातून ते पेन काढलं आणि फेमीच्या कपड्यावरूनच मांडीत खुपसलं. मग तिला आडवी केली, पाय उशीवर घेतले आणि मला म्हणाला, “बघत काय उभा राहिलास? ॲम्ब्युलन्सला फोन कर!” ती येईपर्यंत तो तिच्याशी एका सुरात बोलत होता, “आता छाती धडधडेल. हात कापतील. घाबरू नकोस, ते औषधाने होतं. घसा सुटेल बघ. सुटतोय ना? मला माहितीये. मला माहितीये.”

घसा सुटला. रुग्णालयात एक रात्र काढून ती घरी आली.

डॉक्टर नोरलैलांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, की क्वचित असं होतं. नव्या पेशींनी येताना भावाची एक जुनी आठवणही बरोबर आणली. कोळंबी म्हणजे शत्रू.

“घटसर्प विसरल्या, पोलिओ विसरल्या,” फेमी म्हणाली, “आणि कोळंबी तेवढी लक्षात ठेवली?”

“जाईलही कदाचित. काहींची जाते. सांगता येत नाही.”

तेव्हापासून कॉन्राड तिचा मास्तर झाला. पाकिटावरची बारीक अक्षरं कशी वाचायची, ठेल्यावर ‘बेलाचान आहे का’ असं न विचारता ‘कशाकशात आहे’ असं विचारायचं, एकच डाव दोन भांड्यांत फिरू द्यायचा नाही, आणि ‘अगदी थोडंसंच आहे हो’ म्हणणाऱ्या माणसाकडचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. फेमीला कळलं, की मलाक्यात जेवणाच्या नावाखाली जे मिळतं त्यातलं अर्धं तिला बंद आहे. तिचा भाऊ या गावात एवढी वर्षं काय खाऊन जगला, हा प्रश्न तिला पहिल्यांदाच पडला.

एका बारशाच्या जेवणात आन्सेल्मा टियाने तिच्यापुढे वाटी सरकवली. “एक घास खाऊन बघ गं. मनाचे खेळ असतात हे. हल्लीचे नखरे.”

फेमीने वाटी परत सरकवली. “टिया, नखरे नसतात. जीव जातो. आमच्या बापाला कळलं नाही, मलाही कळलं नाही. याला आम्ही उगाच छळलं.” एवढं सगळ्यांदेखत बोलून ती शेजारी बसलेल्या कॉन्राडवर खेकसली, “काय बघतोस? ते मीठ दे इकडे!” कॉन्राडने मीठ दिलं. मग बराच वेळ तो आपलं अंडं सोलत बसला. ते आधीच सोललेलं होतं.

बेलाचान आता मी करतो, वस्तीच्या दुसऱ्या टोकाला, चुलतभावाच्या अंगणात. फेमी मला फोनवरून रागावते. मुसळीच्या आवाजावरून तिला मीठ कमी पडल्याचं कळतं म्हणे. गिऱ्हाईकं म्हणतात, पहिल्यासारखा होत नाही. मी म्हणतो, माझ्या पेशी माझ्याच आहेत, त्याला इलाज नाही.

दोन वर्षं उलटल्यावर गोवराची लस झाली, ती शेवटची. त्यानंतर नाताळच्या तोंडावर फेमीला सर्दी झाली. साधी, वाहती, बावळट सर्दी. आमचे सगळ्यांचे चेहरे उतरले. मी पिशवी भरून ठेवली. कॉन्राडने गाडीत पेट्रोल भरून ती दाराशी आणून लावली. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, ताप चढला तर लगेच या, नाहीतर बघू काय करतं तिचं शरीर.

आम्ही दोघं तिच्या खाटेच्या दोन बाजूंना थर्मामीटर घेऊन बसलो. ती शिंकली की दोघंही दचकायचो. तिने दोनतीन दिवस नाक शिंकरलं, आलं घातलेली पेज प्यायली, नाताळच्या दिव्यांच्या माळा चुकीच्या लावल्या म्हणून अंथरुणातून मला शिव्या दिल्या. ताप आलाच नाही. मग एका सकाळी ती उठली, नाक ओढून बघितलं, मोकळं होतं. कुठली गोळी नाही, सलाइन नाही, क्वालालंपूर नाही. सर्दी आली तशी गेली.

“बघितलंस?” कॉन्राड छाती काढून म्हणाला. “माझ्या पेशींनी धूळ चारली.”

“तुझ्या कुठल्या?” फेमी केसांना कंगवा लावत म्हणाली. नवे केस कुरळे आलेत. “दोन वर्षं माझ्या घरात राहतायत, माझं खातायत, शाळा इथे शिकल्या. तुझा काय संबंध आता? जा, ती पिशवी रिकामी कर आणि येताना अंडी आण. दोघांपुरती.”

कॉन्राड कुरकुरत पायरी उतरला. दाराशी जाऊन तो जोरात शिंकला. बहिणीची सर्दी त्याला लागली होती.